राजाबाई टॉवरची गाणी : एका ऐकायच्या इमारतीची गोष्ट

गेल्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी आपल्या रावपुऱ्याच्या टावरविषयी बोललो होतो. बोलून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, "मुंबईच्या राजाबाई टॉवरमध्ये म्हणे पूर्वी गाणी वाजायची. घंटेत गाणं कसं वाजतं हो?" मी जवळजवळ तीस वर्षं कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम केलेला माणूस, पण मला धड उत्तर देता आलं नाही. 'असतं काहीतरी चावीचं' असं म्हणून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जे हाती लागलं, ते या टिपणात मांडतो आहे.

विषय मुंबईचा असला तरी तो बडोदेकरांना परका नाही. आपला टावर १८९६ सालचा, सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ उभारलेला. राजाबाई टॉवर त्याच्या अठरा वर्षं आधी, नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण झालेला. एक पत्नीच्या नावाचा, दुसरा आईच्या नावाचा. राजाबाई टॉवरला पैसा सुरतेच्या गुजराती माणसाचा, नकाशे लंडनच्या साहेबाचे आणि प्रत्यक्ष कामावर एक मराठी इंजिनिअर. हे मिश्रण आपल्या गावात कुणाला नवीन वाटणार नाही.

पैसा कुठून आला

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ सालचा, सुरतेचा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत मुंबईत पैशाचा जो पूर आला, त्याच्या मध्यभागी प्रेमचंद शेठ होते. बँका, कंपन्या, बॅकबेची भरणी, सगळीकडे त्यांचा शब्द चाले.

त्याच भरात १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला दोन देणग्या दिल्या. विद्यापीठ तेव्हा अवघं सात वर्षांचं, स्वतःची इमारतही नव्हती. पहिली देणगी दोन लाख रुपयांची, ग्रंथालयासाठी. दुसरी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तीही दोन लाखांची, मनोऱ्यासाठी. मनोऱ्यात मोठं घड्याळ आणि आनंदाच्या प्रसंगी वाजवायच्या घंटांचा संच असावा, आणि त्याला आपल्या आईचं नाव द्यावं, असं या दुसऱ्या देणगीबरोबर कळवलेलं होतं.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी मनोरा बांधला, मग आता वर काय लावायचं असा विचार झाला, असं इथे घडलेलं नाही. घंटा पहिल्या दिवसापासून योजनेत होत्या. दगड हा त्या घंटांना उंचावर धरून ठेवण्यासाठी आहे. आपण आज या इमारतीकडे कौतुकाने पाहतो, फोटो काढतो, पण मुळात ती ऐकायची इमारत आहे.

१८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि त्याबरोबर मुंबईतली निम्मी श्रीमंती एका उन्हाळ्यात वाहून गेली. प्रेमचंद शेठही त्यात बुडाले. पण देणगी त्याआधी देऊन झालेली होती. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली, तेव्हा ज्याच्या पैशाने काम सुरू होत होतं तो माणूस स्वतः पडत्या काळात होता. कागदावरच्या कंपन्या गेल्या, दान दिलेलं तेवढं राहिलं. सगळं काम मिळून खर्च साडेपाच लाखांच्या घरात गेला.

नकाशे आणि हात

नकाशे केले सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. शेजारचा पदवीदान सभागृहही त्यांचाच. हे गृहस्थ हिंदुस्थानात कधीच आले नाहीत, लंडनहून कागद पाठवत राहिले. ज्यांनी साइटवर काम केलं आहे त्यांना लगेच कळेल की असं असतं तेव्हा खरी कसोटी जागेवरच्या इंजिनिअरची लागते. इथे ते होते रावबहादूर मुकुंद रामचंद्र, सहायक अभियंता. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे चोवीस पुतळे आहेत. पारशी, सिंधी, गुजराती वाणी, काठेवाडी राजपूत अशी ही माणसं. त्या पुतळ्यांचे नमुने या मुकुंद रामचंद्रांनी बनवले. बाकी सगळा साज व्हेनिसच्या आणि गॉथिक पद्धतीचा, आणि त्यावर पागोटी घातलेली ही आपली माणसं. स्कॉटसाहेबांचं नाव सगळीकडे असतं. मी इंजिनिअर असल्याने मला हे दुसरं नाव मोठ्याने घ्यावंसं वाटतं.

उंची २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर. त्याची विभागणी सोपी आहे. खाली गाडी उभी राहील एवढी कमान, तिथपासून ६८ फुटांपर्यंत चौकोनी मनोरा. तिथे सज्जा आहे. सज्जापासून मनोरा अष्टकोनी होतो आणि आणखी ११८ फूट चढतो. त्यावरचा शेवटचा टप्पा कळसापर्यंत ९४ फूट. बेरीज करून पाहा, बरोबर २८० येते. त्या काळच्या मुंबईत याहून उंच इमारत नव्हती. समोर ओव्हलचं मैदान, त्यापलीकडे रेल्वे आणि लगेच समुद्र. मरीन ड्राइव्ह पुष्कळ नंतरची. म्हणजे घंटेच्या आवाजाला पश्चिमेकडे अडवणारं काहीच नव्हतं.

घंटेत गाणं कसं वाजतं

आता काकूंच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे मोठी घंटा नवीन नव्हती. वसईची मोहीम १७३९ ची. चिमाजी अप्पांनी तिथून आणवलेल्या पोर्तुगीज घंटा देवळादेवळांत टांगल्या गेल्या. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण नारोशंकराची घंटा म्हणतो, ती नाशिकची घंटा यांतलीच. पण देवळातली घंटा एकटी असते. भक्त येतो, टोला देतो, पुढे जातो. तिला सूर असतो, चाल नसते.

चाल वाजवायची तर वेगवेगळ्या सुरांच्या घंटा एका ओळीत लागतात. ही कला वाढली नेदरलँड आणि बेल्जियमच्या गावांत. तिथे याला कॅरिलॉन म्हणतात, मी आपला घंटामाला म्हणतो. गावाच्या मनोऱ्यात घंटांचा संच बसवायचा आणि सगळ्या गावाने तो फुकट ऐकायचा. अडचण अशी की घंटा ओतून काढली म्हणजे ती सुरात येतेच असं नाही. एका घंटेत एकाच वेळी चारपाच सूर वाजत असतात. ते एकमेकांशी जुळले नाहीत तर तीन घंटा एकत्र वाजवल्यावर कानाला त्रास होतो. घंटेच्या आतल्या बाजूने धातू थोडा थोडा खरवडून हे सूर जुळवण्याचं तंत्र फ्रांस्वा आणि पीटर हेमोनी या भावांनी पक्कं केलं. झुटफेन गावी १६४४ मध्ये त्यांनी बसवलेला संच हा नीट सुरात लावलेला पहिला कॅरिलॉन मानतात.

धातू म्हणाल तर तो आपल्या घरातलाच. साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. म्हणजे कासं. आजीच्या काशाच्या वाटीला चमचा लागला की जो लांबत जाणारा आवाज येतो, त्याचंच हे मोठं रूप. घंटेचा हिशेब मात्र महाग पडतो. त्याच आकाराची घंटा एक सप्तक खाली आणायची तर तिचा व्यास दुप्पट करावा लागतो आणि वजन आठपट होतं. दोन सप्तकं खाली गेलात तर चौसष्टपट. मनोरा एवढा जाडजूड का लागतो, ते या एका गणितावरून कळतं.

म्हणूनच अशा संचात घंटा हलवत नाहीत. त्या तुळयांना घट्ट बसवतात आणि बाहेरून हातोडा मारतात. काही टन वजन झोके घ्यायला लागलं तर प्रत्येक झोक्याला मनोऱ्याला आडवा धक्का बसतो. हातोडा मारला तर फक्त हातोडा हलतो.

हातोडे कोण मारणार? युरोपात यासाठी वादक असतो. तो लाकडी दांड्यांच्या पेटीपुढे बसून मुठींनी वाजवतो. आजच्या जागतिक व्याख्येप्रमाणे किमान २३ घंटा आणि अशी पेटी असली तरच त्याला कॅरिलॉन म्हणायचं. राजाबाई टॉवर या कडक व्याख्येत बसत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये आपोआप गाणी वाजवणाऱ्या यंत्रालाही कॅरिलॉनच म्हणत आणि राजाबाईतला प्रकार त्या जातीचा. घड्याळ लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली या पेढीचं.

अशा यंत्राचं तत्त्व सांगतो. लहानपणी चावी दिली की गाणं वाजवणारी पेटी आपण पाहिली असेल. तिच्यात एक फिरतं नळकांडं असतं, त्यावर बारीक खुंट्या असतात. मनोऱ्यात हेच नळकांडं पिंपाएवढं होतं. खुंटी आली की ती एक तरफ उचलते, तरफेला तार, तारेला वरचा हातोडा. खुंटी निसटली की हातोडा घंटेवर पडतो. कुठली घंटा वाजणार हे खुंटीच्या जागेवरून ठरतं आणि कधी वाजणार हे ती परिघावर कुठे आहे यावरून. नळकांडं किंचित बाजूला सरकवलं की खुंट्यांची दुसरी रांग तरफांखाली येते आणि दुसरं गाणं सुरू होतं. हे सगळं फिरवायला वेगळं वजन लोंबत असतं. घड्याळाचं काम एवढंच की वेळ झाली की खटका सोडायचा. जड काम वजनाने करायचं आणि नाजूक काम लंबकाने. कारखान्यात आम्ही एका लहान रिलेने मोठी मोटर चालू करायचो. तत्त्व तेच, फक्त इथे विजेचा पत्ता नाही.

तर काकू, असं वाजतं गाणं.

कुणाची गाणी, कुणाची वेळ

राजाबाई टॉवरच्या यंत्रात सोळा चाली होत्या आणि दिवसातून चार वेळा चाल बदलायची. त्यांत गॉड सेव्ह द किंग होतं, रूल ब्रिटानिया होतं, होम स्वीट होम होतं, हँडेलची एक रचना होती. म्हणजे पैसा सुरतेच्या जैनाचा, नाव त्याच्या आईचं, पुतळे आपल्या लोकांचे, आणि २८० फुटांवरून शहराला ऐकू येणार काय, तर साम्राज्याची स्तुती आणि इंग्रज साहेबाला येणारी घराची आठवण. पुतळ्यांकडे मान वर करून बघावं लागतं. आवाज तर न बघणाऱ्यालाही गाठतो. खाली मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं, कोर्टात आलेले पक्षकार, लोकल पकडणारे कारकून, सगळ्यांच्या कानांवर वर्षानुवर्षं हेच पडलं.

पण मुंबईकर मुकाट ऐकत बसले असं नाही. वेळेवरून त्यांनी सरकारशी चांगलंच भांडण केलं. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. मद्रासची ५ तास २१ मिनिटं. म्हणजे दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक. रेल्वे मद्रास वेळेवर धावायच्या. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने मुंबईतल्या सरकारी कचेऱ्यांनाही मद्रास वेळ लावली. लोक खवळले. सूर्य डोक्यावर यायच्या आत बारा का वाजवायचे? वाद विद्यापीठाच्या टॉवरपर्यंत आला. रात्री घड्याळावर दिवे लावायचा खर्च सरकारकडून हवा असेल तर घड्याळाने मद्रास वेळ दाखवावी, असा सरकारचा आग्रह. विद्यापीठाच्या सिनेटने मुंबईच्या वेळेच्या बाजूने कौल दिला. अखेर १८८३ मध्ये सरकारने माघार घेतली.

१ जानेवारी १९०६ पासून आजची प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. तेव्हाही शहराने ती सहज स्वीकारली नाही. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं मुंबईत जुनी 'बाँबे टाइम' चालू होती. एका शहरात दोन वेळा, आणि कुणाचं घड्याळ कुठली वेळ दाखवतं त्यावरून तो माणूस कुठल्या बाजूचा ते कळायचं. टोले मारणारं घड्याळ हे नुसतं यंत्र नसतं, सगळ्यांच्या वतीने बोलणारा तो एक आवाज असतो. म्हणून भांडण.

राजाबाईंची गोष्ट

आता या टॉवरची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट. राजाबाईंना दिसत नसे. त्या धर्मनिष्ठ जैन, सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायला हवं. संध्याकाळच्या टोल्यांवरून त्यांना कुणाच्या मदतीशिवाय वेळ कळावी म्हणून मुलाने हा टॉवर बांधला. ही गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगतात. देणगीच्या कागदात आहे ते आईच्या नावापुरतं.

इंजिनिअरच्या सवयीने मी ही गोष्ट तपासून पाहिली. पहिली शंका अंतराची. प्रेमचंद शेठचा बंगला भायखळ्याला. टॉवरपासून चारपाच किलोमीटर. आवाजाला तिथे पोचायलाच चौदापंधरा सेकंद लागतील, आणि पोचला तरी वारा, गजबज यांतून किती ऐकू येईल हा प्रश्नच. दुसरी शंका सूर्याची. मुंबईत नोव्हेंबरअखेरचा सूर्यास्त आणि जुलैच्या सुरुवातीचा सूर्यास्त यांत सव्वा तासाहून जास्त फरक पडतो. टोले काही सूर्याबरोबर सरकत नाहीत. तेव्हा ही गोष्ट मागाहून रचलेली, असं मी वहीत लिहून टाकलं.

नंतर ते खोडलं नाही, पण त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. त्याचं कारण माझी आई. काचबिंदूमुळे शेवटची सहा वर्षं तिला दिसत नव्हतं. दिवसातून पंधरावीस वेळा ती विचारायची, "किती वाजले रे?" मी सांगायचो. कधी नीट, कधी कामात असलो की तुटकपणे. एकदा 'आत्ताच तर सांगितलं' असं म्हणालो. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "वेळ कळत नाही त्याचं काही नाही. विचारावं लागतं ना, त्याचं वाटतं." मग मी तिला बटण दाबलं की वेळ बोलून दाखवणारं घड्याळ आणून दिलं. ते काम खरं म्हणजे पहिल्याच वर्षी करायला हवं होतं.

वहीतली ती दुसरी ओळ अशी : गोष्ट घडली असो वा नसो, घंटा कशासाठी असते ते तिला बरोबर कळलेलं आहे. आज सूर्यास्त केव्हा हे ज्या बाईला पंचांगावरून ठाऊक आहे, तिला फक्त आत्ता किती वाजले एवढंच हवं असतं, आणि तेही कुणाच्या तोंडाकडे न पाहता. ज्याच्याकडे घड्याळ नाही, ज्याला आकडे वाचता येत नाहीत, ज्याला दिसत नाही, अशा सगळ्यांना टोला न विचारता वेळ सांगतो. सोळा चालींमधली एकही लोकांनी आपली मानली नाही. जपून ठेवली ती ही आईची गोष्ट.

काय राहिलं

२०१३ ते २०१५ या काळात टॉवरची आणि ग्रंथालयाची मोठी दुरुस्ती झाली. दगड साफ झाले, रंगीत काचा पुन्हा उजळल्या. २०१८ मध्ये ओव्हलभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात हा टॉवरही आला. फार चांगलं झालं. आवाजाचं म्हणाल तर सोळा चालींपैकी आता एकच उरली आहे, ती दर पंधरा मिनिटांनी वाजते.

या टिपणासाठी मी एका रविवारी भल्या पहाटे ओव्हलच्या कडेला जाऊन उभा राहिलो. दिवसा बसच्या हॉर्नमध्ये जे विरून जातं ते त्या वेळी स्वच्छ ऐकू आलं. शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसले होते. टोले झाले, त्यांनी डोळे न उघडता बोटांवर मोजले आणि चपला चढवून ते निघाले. मनगटावर घड्याळ होतं, त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

साम्राज्याची गाणी परत वाजावीत असं मी म्हणत नाही. पण जुन्या चाली कुठल्या होत्या, यंत्र कसं चालायचं, लोकांनी ते कसं ऐकलं, याची नोंद दगडाच्या नोंदीइतकीच नेटकी हवी. आपण वारसा डोळ्यांनी मोजतो. कानांचा वारसा माणसाबरोबर जातो.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. बडोद्यात कुठला आवाज कुठपर्यंत ऐकू यायचा, गिरण्यांचे भोंगे किती वाजता व्हायचे, कुठल्या देवळातली काकडआरती कुठल्या पोळात ऐकू यायची, हे ज्यांना आठवतं अशी माणसं आज सत्तर-ऐंशीची आहेत. पुढच्या तीन बैठकांत त्यांच्याकडून हे ऐकून लिहून घेऊ. सुरुवात मागच्या रांगेतल्या काकूंपासून करू या. या वेळी प्रश्न मी विचारीन.

चूकभूल द्यावी घ्यावी.